डोंगरी सायकलसाठी कमी कटकटीचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक : कोणते घ्यावेत?

कडेकपारी

नमस्कार मंडळी. माझ्या हार्डटेलला (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलला) आत्ता केबलवर चालणारे डिस्क ब्रेक आहेत. चिखल झाला की केबल आत अडकते, आणि मोठ्या उतारावर लिव्हर दाबून दाबून बोटं वळेनाशी होतात. हायड्रॉलिक घ्यायचं पक्कं केलंय, पण जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय.

माझी गरज साधी आहे. शर्यतीत उतरत नाही. दगडधोंड्यांच्या पायवाटा, लांब उतार, पावसाळ्यात भरपूर चिखल. वजन पाठपिशवीसकट नव्वद किलोच्या आसपास. सायकल कधीकधी महिना-दीड महिना नुसती उभी असते. ती बाहेर काढली की ब्रेक लागलाच पाहिजे, आणि दुरुस्ती शक्यतो मला घरी करता आली पाहिजे. फ्रेम आणि फोर्क दोन्ही पोस्ट माउंट (ब्रेक बसवायच्या जागेचा एक प्रकार) आहेत, हब सहा बोल्टचे, रोटर म्हणजे ब्रेकच्या चकत्या १६० मिमीच्या.

प्रश्न : ब्रेकमधलं तेल मिनरल ऑईल की डॉट? पॅड दाबणारे पिस्टन दोन की चार? आणि ब्लीडिंग (ब्रेकमधली हवा काढून तेल भरणं) खरंच किती वेळा करावं लागतं?

नटबोल्ट

बऱ्याच वर्षांपासून सायकली दुरुस्त करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

'सगळ्यात जोरदार ब्रेक कोणता' हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. आजचा कोणताही बऱ्यापैकी हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने चाक अडवतो. तुमच्यासाठी खरा प्रश्न असा की तीन वर्षांनी त्याचे पॅड (रोटरला घासणारे तुकडे) मिळतील का, तेल मिळेल का, आणि ते तेल भरायला कोणती हत्यारं लागतील. विश्वासार्ह ब्रेक म्हणजे कधीच न बिघडणारा ब्रेक नव्हे. बिघडला तर हातातल्या सामानावर तासाभरात उभा राहणारा ब्रेक, तो विश्वासार्ह.

यावर माझं सरळ उत्तर : मिनरल ऑईलवाला, मधल्या श्रेणीतला, खूप खपणारा ब्रेक घ्या. शिमानो डिओर एम६१०० (दोन पिस्टन) किंवा एम६१२० (चार पिस्टन) माझ्या यादीत वर आहेत. टेक्ट्रो आणि टीआरपीचे मधले ब्रेकही मिनरल ऑईलवरच चालतात आणि दणकट असतात. मागुराही मिनरल. त्यांचा लिव्हर हाताला हलका आणि सुंदर लागतो, पण मास्टर सिलिंडर (लिव्हरमधला तेल ढकलणारा भाग) प्लास्टिकसदृश संमिश्र पदार्थाचा असतो. क्लॅम्पचे आणि ब्लीडचे स्क्रू टॉर्क रेंचनेच (नेमक्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच) आवळावे लागतात, अंदाजपंचे नाही.

चार पिस्टन घ्यायचं माझ्या दृष्टीने मोठं कारण ताकद नाही, पॅड आहे. शिमानोच्या एमटी४२०, एमटी५२०, डिओर एम६१२०, एसएलएक्स एम७१२० आणि एक्सटी एम८१२० या सगळ्यांना एकाच आकाराचा पॅड बसतो. इतक्या ब्रेकना चालणारा पॅड सहसा बाजारातून गायब होत नाही, आणि इतर कंपन्याही तो बनवतात. शिवाय पॅड मोठा असल्यामुळे तापतो कमी आणि टिकतो जास्त.

तापलेला रोटर

नटबोल्ट यांच्या बाकी मुद्द्यांना अनुमोदन, पण डॉटला असं एका वाक्यात बाद करू नये. मी डॉटवालेच ब्रेक वापरतो आणि समाधानी आहे.

कारण उष्णता. ताजं डॉट ५.१ किमान २६० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. डॉट पाणी शोषतं हे खरं, पण शोषलेलं पाणी सगळ्या द्रवात पसरून राहतं, म्हणून उकळण्याचा बिंदू हळूहळू खाली येतो. मानकानुसार ओल धरलेलं डॉट ५.१ सुद्धा १८० अंशांपर्यंत टिकायला हवं, डॉट ४ १५५ पर्यंत. मिनरल ऑईलमध्ये पाणी मिसळतच नाही. आत गेलेला थेंब सर्वांत खाली, म्हणजे कॅलिपरमध्ये (चाकाजवळच्या, पिस्टन आणि पॅड असलेल्या भागात) जाऊन बसतो, आणि सगळ्यात जास्त तापतो तोच भाग. तिथलं पाणी १०० अंशांच्या आसपास वाफ होतं आणि लिव्हर थेट हँडलबारला टेकतो. 'मिनरल ऑईल म्हणजे भरलं की विसरा' हा समज मला धोकादायक वाटतो.

आणि डॉट हे ठरलेलं मानक आहे. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातली बाटली चालते. मिनरल ऑईल प्रत्येक कंपनीचं वेगळं.

नटबोल्ट

उष्णतेचा मुद्दा पूर्ण मान्य. मिनरल ऑईलही बदलायलाच हवं, विसरून चालणार नाही.

पण कडेकपारींची सायकल महिना-महिना उभी असते. डॉट नुसत्या उभ्या सायकलमध्येही होजमधून (तेलाच्या नळीतून) आणि सीलमधून ओल ओढत राहतं, सायकल चालवा किंवा न चालवा. शिवाय फोडलेली बाटली फार दिवस ठेवता येत नाही. म्हणजे वर्षातून एकदा छटाकभर तेल वापरायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं, हातमोजे आणि चष्मा लागतो. घरी काम करणाऱ्याला हे सगळं आडवं येतं. मिनरल ऑईल फडक्याने पुसलं की झालं.

एक गोष्ट मात्र ठळक लिहितो, कारण यातून निकामी झालेले ब्रेक दुकानात येतात : डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल आणि मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट कधीही घालू नका. दोन्हींचे रबरी सील वेगळ्या जातीचे असतात. चुकीचं तेल गेलं की सील फुगतात, मऊ पडतात आणि लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत सगळं बदलावं लागतं. डॉट ५ नावाचा प्रकार तर सिलिकॉनचा असतो, तो ५.१ च्या जागी चालत नाही. नुसतं कंपनीचं नाव बघूनही ठरवू नका. स्रॅमचे बरेच ब्रेक डॉटवर चालतात, पण त्यांचेच डीबी८ आणि मेवन मिनरलवर. लिव्हरच्या झाकणावर किंवा बुडावर लिहिलेलं असतं, ते वाचा.

सावळी वाट

मला होप कंपनीच्या ब्रेकबद्दल विचारायचं होतं. कमी कटकटीच्या यादीत ते कुठे बसतात?

तापलेला रोटर

होप डॉट ५.१ वर चालतात. त्यांची खासियत म्हणजे जवळपास प्रत्येक सुटा भाग मिळतो : पिस्टन, सील, लिव्हरच्या आतला सगळा संच. बरेच जण एकच जोड वर्षानुवर्षं खोलून, सील बदलून वापरतात. उलट शिमानोचा कॅलिपर पिस्टनच्या सीलमधून पाझरायला लागला तर सील सुटे मिळत नाहीत, कॅलिपरच बदलावा लागतो. एकात स्वतः दुरुस्ती करून आयुष्य वाढवायचं, दुसऱ्यात सोपा भाग सरळ बदलायचा. कमी कटकट म्हणजे काय, हे आधी आपलं आपण ठरवावं लागतं.

नटबोल्ट

अगदी बरोबर. खोलायची आवड असणाऱ्याला होप उत्तम. ज्याला फक्त चालवायचं आहे त्याला मी तो आग्रहाने सुचवत नाही.

उतारप्रेमी

कडेकपारी, तुमचं आणि माझं वजन सारखंच, म्हणून लिहिते. ब्रेक कोणताही घ्या, पण १६० चे रोटर आधी काढा. पुढे २०३, मागे १८०. १६० वरून १८० वर गेलं की त्याच दाबाला साधारण १२ टक्के जास्त अडवणूक मिळते, २०३ वर सुमारे २७ टक्के. त्याहून मोठा फायदा म्हणजे धातू जास्त, त्यामुळे उष्णता वाटली जाते. पॅड, तेल, सील सगळंच थंड राहतं आणि सगळ्यांचं आयुष्य वाढतं. देखभाल कमी करायचा इतका सोपा उपाय दुसरा नाही.

फक्त फोर्क आणि फ्रेमवर कमाल किती मिमीचा रोटर चालतो ते पाहून घ्या, त्यापुढे जाऊ नका. पोस्ट माउंटला योग्य मापाचा अ‍ॅडॅप्टर लागेल. २०० आणि २०३ हे दोन वेगळे आकार आहेत. तीन मिलिमीटरने काय होतंय म्हणून चालवू नका, पॅड रोटरच्या कडेबाहेर जातो किंवा रोटरच्या आतल्या आऱ्यांवर घासतो.

कडेकपारी

खूप खूप आभार. माझ्या फोर्कला २०३ आणि फ्रेमला १८० पर्यंत परवानगी आहे, आत्ताच पाहिलं. आता पॅडचं सांगा. रेझिन की मेटल?

नटबोल्ट

चिखल आणि लांब उतार असतील तर मेटल, म्हणजे सिंटर्ड. रेझिन पॅड शांत असतो, थंड असतानाही चांगला धरतो, पण ओल्या वाळूत तो अक्षरशः पेस्ट होऊन वाहून जातो. एका पावसाळी दिवसात नवा जोड पत्र्यापर्यंत आलेला मी हातात धरून पाहिला आहे. सिंटर्ड टिकतो. मात्र तो आवाज करतो, सुरुवातीला गरम व्हायला वेळ घेतो आणि पिस्टनकडे उष्णता जास्त पाठवतो.

त्याआधी रोटर डोळ्यांजवळ नेऊन बघा. स्वस्त रोटरच्या आतल्या भागावर बारीक अक्षरांत 'फक्त रेझिन पॅड' अशा अर्थाची इंग्रजी सूचना कोरलेली असते. त्याचा धातू मऊ असतो, सिंटर्ड पॅड त्याला भराभर खातो. बऱ्याच सायकलींवर येणाऱ्या शिमानोच्या एमटी२०० या ब्रेकसोबत सहसा असेच रोटर असतात. एमटी२०० हा ब्रेक वाईट नाही, साधा आणि चिवट आहे. फक्त त्या रोटरवर मेटल पॅड चढवू नका.

जाडीचं म्हणाल तर शिमानोचा नवा रोटर १.८ मिमी असतो आणि १.५ झाला की बदलायचा. मागुराचा २ मिमीचा, तो १.८ लाच बदलायचा. म्हणजे एकाची नवी जाडी ती दुसऱ्याची शेवटची, म्हणून रोटरवर छापलेला आकडा बघूनच ठरवा. पॅडचा मसाला शिमानोच्या बाबतीत अर्धा मिमी उरला की बदला. त्यापुढे वापरलं की पिस्टन फार बाहेर येतात, आणि कटकटींची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

पायडल

एक बाळबोध प्रश्न. पॅड झिजला की केबलवाल्या ब्रेकला स्क्रू फिरवून जवळ आणावा लागतो. हायड्रॉलिकमध्ये ते आपोआप कसं होतं?

नटबोल्ट

बाळबोध अजिबात नाही. हे कळलं की अर्ध्या तक्रारी समजतात.

पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी कडी असते. लिव्हर दाबला की पिस्टन पुढे सरकतो, पण ती कडी त्याला घट्ट धरून असल्यामुळे स्वतः थोडी पिळली जाते. लिव्हर सोडला की कडी सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड आणि रोटरमधली फट म्हणजे एवढंच. पॅड झिजला की पिस्टनला कडी पिळली जाते त्याहून जास्त पुढे जावं लागतं, मग तो कडीतून घसरून नवी जागा धरतो. मागे मात्र तेवढाच केसभर येतो. वाढलेली जागा भरायला वरच्या टाकीतून तेल खाली उतरतं.

आता त्या पिस्टनच्या बाहेरच्या भागावर वाळलेल्या चिखलाचा थर बसला असं समजा. कडी सरळ व्हायला बघते, पण पिस्टन चिकटलेला. एक बाजू मागे येते, दुसरी येत नाही, आणि रोटर एका बाजूला घासत राहतो. लोक कॅलिपर सरळ करत बसतात, पण दोष पिस्टनच्या मळात असतो.

उपाय : पॅड काढा, लिव्हर जपून दाबून पिस्टन दोन-तीन मिलिमीटर बाहेर आणा, त्याहून जास्त नाही, नाहीतर पिस्टन निसटून हातात येईल. कापूस लावलेल्या काडीने कडेकडेने पुसा, त्याच ब्रेकच्या तेलाचा थेंब फिरवा, प्लास्टिकच्या टायर लिव्हरने हळूच आत ढकला. दोन-तीनदा असं केलं की दोन्ही बाजू सारख्या चालतात. नंतर जास्तीचं तेल नीट पुसून मगच पॅड बसवा. स्क्रूड्रायव्हर वापरू नका. बऱ्याच ब्रेकचे पिस्टन सिरॅमिक किंवा रेझिनचे असतात, त्यांचा टवका उडतो.

सावळी वाट

हे वाचून माझ्या मागच्या चाकाचं कोडं सुटलं. उद्याच करते.

उतारप्रेमी

पॅड खराब होण्याचं सर्वांत मोठं कारण झीज नसून तेल आहे, हे कोणीतरी लिहायलाच हवं. साखळीवर स्प्रे मारला आणि त्याचे तुषार मागच्या रोटरवर गेले की संपलं. ब्रेक किंचाळतो, धरत नाही, आणि माणूस ब्रेकलाच दोष देतो. साखळीला थेंबाथेंबाने तेल घाला. चकाकी आणणारे सिलिकॉनचे स्प्रे सायकलजवळ आणूच नका. रोटरला बोट लावू नका. पुसायचा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं, दुसरं काही नाही.

पॅड नुसता काचेसारखा चकचकीत झाला असेल तर पॉलिश पेपरवर घासून सुधारतो. तेल मुरलेला पॅड मात्र माझ्या मते टाकूनच द्यावा. भाजून, उकळून वाचवायचे उपाय लोक सांगतात, पण ज्या वस्तूवर जीव टांगलेला आहे तिथे मला ते पटत नाही.

तापलेला रोटर

उतारप्रेमींना जोडून : चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका. गाडीत सायकल घालताना पॅडच्या मधे प्लास्टिकची पट्टी ठेवा, नव्या ब्रेकसोबत पिवळी किंवा लाल येते ती. ती हरवली तर जाड पुठ्ठ्याची घडी चालते. चुकून दाबला गेलाच तर पॅड बळेबळे रोटरवर ठोकू नका, पिस्टन सपाट पट्टीने आत ढकला.

सायकल उलटी करून ठेवल्यावर लिव्हर मऊ लागला, तर वरच्या टाकीतली हवा होजमध्ये गेलेली असते. सरळ उभी करून थोडा वेळ लिव्हर हळूहळू दाबत राहिलं की बहुतेक वेळा ती परत वर येते. वारंवार होत असेल तर ब्लीड करायची वेळ झाली.

कडेकपारी

ब्लीडिंग किती वेळा, हे राहिलंच.

नटबोल्ट

डॉट असेल तर वर्षातून एकदा, लक्षणं असोत वा नसोत. मिनरल असेल तर लिव्हर स्पंजी झाला किंवा तेल काळपट दिसलं की. बेताने चालवणाऱ्याला दीड-दोन वर्षं सहज जातात. मी मात्र दर पावसाळ्यानंतर एकदा वरचा स्क्रू उघडून तेलाचा रंग पाहायला सांगतो.

शिमानोचं काम हत्यारांच्या दृष्टीने सोपं आहे. लिव्हर आडवा करायचा, पॅड काढून मधे ब्लीड ब्लॉक (पिस्टन आत धरून ठेवणारा ठोकळा) घालायचा, वरच्या भोकात नरसाळं बसवायचं, खालून कॅलिपरच्या निपलला सिरिंज जोडून तेल वर ढकलायचं. नरसाळ्यात बुडबुडे येताना दिसतात. येणं थांबलं की होजवर बोटाने टिचक्या मारा, कॅलिपर बोल्ट काढून मोकळा करा आणि जरा वेडावाकडा हलवा, अडकलेला शेवटचा बुडबुडा तेव्हाच निघतो. घाई करणारे नेमकी हीच पायरी गाळतात. नरसाळ्यातलं तेल तळाला जाऊ देऊ नका, नाहीतर हवा परत आत.

कडेकपारी

मंडळी, डिओर एम६१२० दोन्हीकडे, पुढे २०३ आणि मागे १८० चे रोटर, सिंटर्ड पॅड असं ठरवलं आहे. बसवताना काय जपू?

नटबोल्ट

चांगली निवड. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला हवा ते मागवतानाच सांगा. नाहीतर होज काढून अदलाबदल करावी लागते, आणि दर वेळी नवी ऑलिव्ह आणि नवा इन्सर्ट (होजच्या टोकाचा जोड घट्ट करणारे छोटे भाग) लागतो. एकदा चेपलेली ऑलिव्ह पुन्हा वापरायची नसते. होज फ्रेमच्या आतून जाणार असेल तर हेच काम मुद्दाम करावं लागेल. कापण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लांबी बघा.

सहा बोल्टच्या रोटरला टी२५ ची की लागते. बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल ठेवून लिव्हर दाबा, दाबलेलाच ठेवून बोल्ट ६ ते ८ न्यूटन मीटरने आवळा. तरी घासलं तर मागे पांढरा कागद धरून फटीतून बघत बोटाने कॅलिपर सरकवा.

मग पॅड बसवणं, म्हणजे बेडिंग. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने जा, एकसारखा ब्रेक दाबून चालण्याच्या वेगापर्यंत या, पण पूर्ण थांबू नका आणि चाक लॉक होऊ देऊ नका. असं साधारण वीस वेळा, मग जास्त वेगाने दहाएक वेळा. पुढचा आणि मागचा वेगवेगळा करा. पॅडचा पातळ थर रोटरवर एकसारखा चढतो आणि धरण्याची ताकद त्यातून येते. हे न करता थेट डोंगरात गेलात तर नवा महागडा ब्रेकही जुन्या केबलसारखा लागेल.

उतारप्रेमी

आणि उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाच्या आधी ठामपणे दाबा, मग पूर्ण सोडा. मधल्या मोकळ्या वेळात रोटर थंड होतो.

कडेकपारी

ब्रेक बसले, बेडिंगही झालं. पुढचा जबरदस्त धरतो. मागचा लिव्हर पुढच्यापेक्षा किंचित मऊ वाटतो आहे. हवा राहिली असेल का?

नटबोल्ट

लिव्हर चार-पाच वेळा पटपट दाबा. दर दाबाला तो घट्ट होत गेला आणि थोड्या वेळाने पुन्हा मऊ झाला, तर हवा आहे, वरच्या नरसाळ्यातून पुन्हा बुडबुडे काढा. प्रत्येक वेळी एकाच जागी थांबत असेल तर काळजी नको. मागचा होज जवळजवळ दुप्पट लांब असतो आणि दाबाखाली जरासा ताणतो, एवढा फरक राहतोच. पहिल्या मोठ्या उतारानंतर कॅलिपरचे आणि अ‍ॅडॅप्टरचे बोल्ट एकदा टॉर्क रेंचने तपासून घ्या.